‘लांब टेबल’ आणि आमची मेबल

ऑल्डरबी, यॉर्कशायर
रविवार, ११ जानेवारी १९७६

विनी,

नाताळचा केक मिळाला. एका कोपऱ्यात चेपला होता, पण खाल्ला. हातमोजे परत पाठवतेय. दुकानात वजडी धुऊन धुऊन माझे हात केवढे झालेत ते विसरलीस का? माझी तीन बोटं मावतात त्यात.

पत्र लिहिणं मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे. चौदाव्या वर्षी शाळा सुटली ती सुटली. पण फोन करायचा म्हणजे कोपऱ्यावरच्या त्या लाल खोक्यात कुडकुडत उभं राहायचं आणि रांगेतल्या बायकांनी कान लावायचे. त्यापेक्षा हे बरं.

आधी चांगलं सांगते. तुमची ती ‘लांब टेबल’ मालिका. कपडे मी शिवलेत, बघ, असं तू म्हणालीस म्हणून मंगळवारी बसले, आणि कपडे बघायचेच राहून गेले. काय बाई आहे ती डोरोथी वेन. बेकरी चालवणारी विधवा, नगरसेवक झालेली, आणि त्या टेबलाभोवतीच्या गलेलठ्ठ बाप्यांना एकेक करून असा सोलते की बटाटेसुद्धा कुणी इतके साफ सोलत नसेल. मला वाटायचं, टीव्हीवर नाटक म्हणजे राजेराण्या, नाहीतर लंडनचे लोक एकमेकांच्या बायका पळवणार. आपल्यासारख्या गावातल्या गटाराच्या ठरावावर कुणी पाऊण तास घालवील आणि मी तो श्वास रोखून बघीन, हे कुणी सांगितलं असतं तर त्याला मी दुकानातून हाकलला असता. माझा चहा गार झाला, विनी. माझा.

आता वाईट. आपलं मार्केट पाडणार आहेत. सगळं. लोखंडी खांब, काचेचं छप्पर, घड्याळ. तिथे दुकानांचं संकुल आणि गाड्या ठेवायला चार मजले. ठराव कुणी आणला विचार. कौन्सिलर होल्ड्सवर्थने. तुझ्यामाझ्या सख्ख्या भावाने.

नाताळच्या आदल्या दिवशी तो माझ्या दुकानासमोरून चालला होता, मी भर गर्दीत थांबवला. म्हणाला, छप्पर गळतंय, खांब सडलेत, उद्या कुणाच्या डोक्यात पडलं तर जबाबदार कोण. मी म्हटलं, छप्पर गेलं म्हणून पाडायचंच असेल तर तुझ्या टकलापासून सुरुवात कर. लोक हसले. तो लाल झाला आणि म्हणाला, “मिसेस क्रॅबट्री, तुमची सूचना लेखी द्या.”

मिसेस क्रॅबट्री म्हणे. आपल्याकडे सख्ख्याचं नाव नुसतं कुणी घेतं का? आमचा क्लिफर्ड, आमची विनी. ते ‘आमचा’ गळून पडलं की समजावं, दार लावलं. त्याने लावलं. मग मीही कडी घातली.

अर्नोल्ड बरा आहे. नवरा माझा, पण बोलतो कबुतरांशी.

मेबल


लंडन
२० जानेवारी १९७६

प्रिय मेबल,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा हसले. टकलाचं मात्र तू बोलायला नको होतंस. त्याला आधीपासून लागतं ते.

डोरोथी आवडली हे वाचून फार बरं वाटलं. ते काम करणारी बाई प्रत्यक्षात अगदी हळू बोलणारी आहे आणि तिला पाव शेकता येत नाही. तिचा तो करडा कोट मी शिवलाय. खांदे मुद्दाम जरा रुंद ठेवले, म्हणजे दारातून आत आली की दार भरलं पाहिजे.

क्लिफर्डशी मिटवून टाक ना. त्याची एना वारल्यापासून तो त्या घरात एकटा. मी लांब राहून सांगते म्हणून रागावू नकोस. तो वाईट माणूस नाही, मेबल. त्याला नीट बोलता येत नाही एवढंच, ठरावाच्या भाषेत बोलतो.

काल एका लहान मुलीचा कोट कापत होते, तेव्हा माझा तो निळा कोट आठवला. बाबा गेले त्या हिवाळ्यातला. किती ऊबदार होता, पण डावी बाही कायम आखूड. मी मनगट खिशात लपवायची. आईसारखी शिवणारी बाई, आणि बाही आखूड कापते? आज मी स्वतः कापते म्हणून जास्तच नवल वाटतं. तुला काही आठवतं का?

तुझीच,
विनी


ऑल्डरबी
मंगळवार, ३ फेब्रुवारी

विनी,

आत्ताच संपलं. डोक्यावरची टोपीसुद्धा न काढता लिहितेय, कारण आज डोरोथीने कमाल केली. तिला आता एक भाऊ काढलाय. राल्फ. इतके दिवस टेबलाच्या टोकाला बसून नुसती मान हलवायचा, मला वाटलं फर्निचर आहे. आज तो बेकरी पाडायला निघाला, आणि ही त्याला सगळ्यांसमोर म्हणते, छप्पर गेलेलं पाडायचं तर तुझ्या डोक्यापासून सुरुवात कर. मी खुर्चीतून उठले. अर्नोल्डला म्हटलं, हे मी म्हणाले होते की नाही? तो म्हणाला, होतीस. शहाण्या बायकांना एकाच वेळी एकच सुचतं ते असं.

मेंढीला विचारून लोकर कापत नाहीत, पण निदान थंडी बघून कापतात, इथल्या कौन्सिलरांना तेवढंही कळत नाही. अशी बाई आपल्या टाऊन हॉलात एक असती ना. घाबरत नाही. घाबरते, पण दिसू देत नाही. बोलायच्या आधी टेबलाची कड घट्ट धरते ते पाहिलंस? तू शिवायला असतेस, तुला दिसत नसेल. नीट बघ पुढच्या वेळी. मला ते सगळ्यात आवडतं.

तुझ्या कोटाचं विचारलंस. मी कधी बोलले नाही, कारण बोलण्यासारखं नव्हतं. आता त्या माणसाचा राग आलाय तरी खरं ते खरं.

तो कोट क्लिफर्डच्या ब्लेझरचा होता. हायस्कूलची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा अख्ख्या गल्लीत दाखवत फिरला होता तो ब्लेझर. बाबा गेले आणि सोमवारी तो गिरणीत रंगाच्या खात्यात लागला, चौदाव्या वर्षी. त्याच आठवड्यात आईने ब्लेझर टेबलावर पसरला. तू खोकत होतीस, तुला कोट नव्हता. मी पांघरुणातून बघत होते. आईने आधी शाळेचा बिल्ला उसवला. मग कात्री घेतली. आणि क्लिफर्ड दिवा धरून उभा होता, तिला सरळ कापता यावं म्हणून. सगळं कापून होईस्तोवर दिवा धरून उभा.

आपण दोघी त्याच्या त्या पगारावर वाढलो, विनी. हे मी त्याला कधी सांगितलं नाही आणि आता तर सांगणार नाही. बाही का आखूड ते मला माहीत नाही.

मेबल


लंडन
२४ फेब्रुवारी

प्रिय मेबल,

उशीर झाला, माफ कर. आठ दिवस मला तुझं पत्र परत उघडायचा धीर झाला नाही. चाळीस वर्षं मी त्या कोटाला नावं ठेवत आले.

इकडे धावपळ आहे. राल्फचं काम वाढलंय. प्रेक्षकांची पत्रं येताहेत, लोकांना बहीणभावाचं भांडण फार आवडतंय. लेखकही खूश आहे. त्याला म्हणे आतापर्यंत डोरोथी ऐकू येत नव्हती, आता येते. लेखक लोक असंच काहीतरी बोलतात.

सोबत एक टोपी पाठवतेय. खास तुझ्या डोक्याच्या मापाची केली आहे, परत पाठवू नकोस. आणि लिहीत राहा. तिकडे काय काय चाललंय ते सगळं लिही, कोण काय बोललं तेसुद्धा. मला इथे फार एकटं वाटतं.

विनी


ऑल्डरबी
रविवार, २८ मार्च

विनी,

टोपी बसली.

बस, आता ऐक. मी निवडणुकीला उभी राहतेय. मे महिन्यात कॅनल वॉर्डाची जागा रिकामी होते. अठरा वर्षं ती कुणाची आहे ते तुला सांगायला नको. मी कुठल्या पक्षाची नाही, वजडीच्या पक्षाची. दहा जणांच्या सह्या लागतात, त्या दुकानावर गिऱ्हाइकांचे सुटे पैसे देता देता झाल्या.

डोक्यात कुणी घातलं म्हणशील तर डोरोथीने. त्या मंगळवारी ती राल्फला म्हणाली ना, तुझी खुर्ची तुझी नाही, लोकांनी बसायला दिलेली आहे. मी रात्रभर तेच घोळवत होते. नुसतं काउंटरमागून ओरडून काय होतं? टेबल तिकडे आहे.

दारोदार फिरतेय. सोपं नाही बाई. निम्म्या लोकांना मार्केट हवंय आणि निम्म्यांना गाडी ठेवायला जागा, आणि काहींना दोन्ही हवंय, तेही एकाच ठिकाणी. काल रोप गल्लीत एक दार वाजवलं तर आतून तोच बाहेर आला. पक्षाचा लाल बिल्ला लावलेला, हातात पत्रकं. घरची बाई दोघांकडे बघत मध्ये उभी, तिला वाटलं आता कपबशा फुटणार. त्याने टोपी काढली. “मिसेस क्रॅबट्री.” मी म्हटलं, “कौन्सिलर.” आणि तो बाजूला झाला, पायरी अरुंद होती म्हणून. वाळलाय. कॉलर मानेभोवती फिरते. घरी काय खातो देव जाणे, डब्यातलं सूप असेल.

एकच गोष्ट खटकते. जिथे तिथे लोक मला डोरोथी म्हणतात. कसायाचा पोरगा तर मला बघून मालिकेचं संगीत वाजवतो तोंडाने. आणि काल एक म्हातारा म्हणाला, बाई, चांगलं बोलता, पण सगळं टीव्हीवरून उचललेलं. मी म्हटलं, आजोबा, ‘मेंढीला विचारून लोकर कापत नाहीत पण निदान थंडी बघून कापतात’ हे मी गेल्याच महिन्यात माझ्या बहिणीला लिहिलं होतं. तो म्हणाला, हो, आणि डोरोथी मंगळवारी बोलली.

लिहिता लिहिता मी थांबले आहे, विनी. पेन्सिल चावतेय.

तू एवढी पत्रं लिही लिही का करतेस?

मेबल


ऑल्डरबी
बुधवार, १४ एप्रिल

विनिफ्रेड,

काल रात्री डोरोथी पोटमाळ्यावर एकटी बसली होती आणि म्हणाली, माझ्या भावाने त्याच्या शाळेच्या कोटाचा बळी दिला आणि आई कापत असताना तो दिवा धरून उभा होता.

दिवा, विनी. बिल्लासुद्धा उसवला आईने. एवढंसुद्धा सोडलं नाहीत.

अर्नोल्ड माझ्याकडे बघायला लागला. बत्तीस वर्षं लग्नाला झाली, त्याला मी हे सांगितलं नव्हतं. तुला एकटीला लिहिलं होतं. आणि आता ते अख्ख्या इंग्लंडने चहा पिता पिता ऐकलं.

तीन आठवड्यांवर मतदान आहे. लोक म्हणतील मी भावाच्या नावाने रडून मतं मागते. तो काय म्हणेल? त्याच्या घरी टीव्ही आहे की नाही तेही मला माहीत नाही. असला तर त्याने फोडावा.

तुझी टोपी खुंटीवर लावली आहे. उत्तर दे. गोड बोलू नकोस.

मेबल


लंडन
१७ एप्रिल

मेबल,

गोड बोलत नाही.

मी तुझी पत्रं इस्त्री करताना शिवणखात्यातल्या मुलींना वाचून दाखवायची. पहिलं वाचलं तेव्हा सगळ्या इतक्या हसल्या की दारातून लेखक आत डोकावला. पुढच्या पत्राच्या वेळी तो आधीच येऊन बसला होता, पालथ्या बादलीवर. टकलाचं वाक्य त्याने मला विचारून घेतलं. पुढची विचारली नाहीत, आणि मी हरकत घेतली नाही. मला अभिमान वाटत होता. वीस वर्षं मी दुसऱ्यांचे काठ दुमडतेय, पहिल्यांदा माझ्या घरचं काही सगळ्यांना हवं होतं.

कोटाचं पत्र मला वाचता आलं नाही. मी रडायला लागले, तेव्हा ते हातातून एकीने घेतलं आणि तिने वाचलं. लेखकाने चष्मा पुसला आणि निघून गेला. मला वाटलं, हे तो घेणार नाही. मी थांबवायला हवं होतं.

तुला डोरोथी आवडते ना? मेबल, ती तूच आहेस. टेबलाची कड धरायची तेवढी त्या बाईची स्वतःची.

आणखी एक सांगून टाकते, म्हणजे मागे काही उरायला नको. शेवटचा भाग १४ मे रोजी चित्रित होणार. राल्फचं काम करणाऱ्याला सिनेमा मिळालाय, त्याला मोकळं करायचंय. निवडणुकीत तो जिंकतो आणि टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर हृदय बंद पडून मरतो. डोरोथी धावत येते, पण बोलणं राहून गेलेलंच राहतं. लेखक म्हणतो, शेवट असाच खरा वाटेल.

पत्रं मी पेटीत घालून कुलूप लावलंय.

विनी


ऑल्डरबी
शनिवार, ८ मे

विनी,

तीन आठवडे लिहिलं नाही. रागावले होते, आणि वेळही नव्हता. आज मार्केट बंद झाल्यावर दुकानातच बसून लिहितेय. पायांना गार लागतंय आणि वर छतातून थेंब पडतोय, तो एक क्लिफर्डच्या बाजूने बोलणारा.

गुरुवारी मतदान झालं. दुपारी मिसेस सॉर्बी आली, नेहमीसारखी अर्धा पौंड वजडी आणि तासभर गप्पा न्यायला. म्हणाली, मत देऊन आले गं, पण छापणाऱ्याने तुझं नाव चुकवलं होतं, मी नीट करून आले. मी म्हटलं, नीट म्हणजे? म्हणाली, कुणीतरी मेबल क्रॅबट्री छापलं होतं, ते खोडलं आणि वर डोरोथी वेन लिहिलं. चाळीस वर्षं ती माझ्याकडून वजडी घेते. चाळीस वर्षं मला ‘बाळ’ म्हणते. नाव कधी लागलंच नसेल तिला.

हसले मी तेव्हा. काल हसू आलं नाही.

मोजणी काल सकाळी टाऊन हॉलच्या मोठ्या खोलीत होती. लांब टेबल होतं, खरंखुरं. त्या टोकाला तो, या टोकाला मी. त्याच्या शेजारी त्याच्या पक्षाचे लोक, माझ्या शेजारी अर्नोल्ड, कबुतरांचा वास येणारा. गठ्ठे होत गेले, त्याचा जरा उंच, माझा जरा उंच. शेवटी मिस्टर लम, तिथले मुख्य अधिकारी, म्हणाले कौन्सिलर होल्ड्सवर्थ तीन मतांनी पुढे, आणि पाच मतपत्रिका संशयाच्या आहेत, उमेदवारांनी बघाव्यात.

आम्ही दोघं उठून मध्यावर गेलो. रोप गल्लीतल्या त्या पायरीनंतर इतक्या जवळ उभे राहिलो नव्हतो. त्यांनी पाचही मांडल्या. प्रत्येकीवर माझं नाव खोडलेलं, वर वेगवेगळ्या अक्षरांत डोरोथी वेन, आणि चौकोनात फुली, माझ्याच ओळीत. फक्त सॉर्बी नव्हे तर अख्खी गल्ली छापखान्याची चूक सुधारून आली होती.

मिस्टर लम सरळ माणूस. म्हणाले, फुली या ओळीत आहे, पण नाव खोडलंय. मतदाराला ही बाई हवी होती की नको होती, हे मला ठरवायचंय. तुमचं दोघांचं काय म्हणणं? क्लिफर्डच्या शेजारचा जाडा लगेच म्हणाला, बाद, या नावाची बाई जगात नाही.

मला सांगायचं होतं खूप. बाजारात मला कुणी गप्प करू शकलं नाही, विनी, पण हा बाजार नव्हता. मी टेबलाची कड धरली, आणि धरल्यावर कळलं की मी काय धरलंय.

क्लिफर्डने चष्मा काढला, पुसला, लावला, पाचही कागद एकेक करून वाचले. त्याने नुसतं गप्प राहायचं होतं. पुढची चार वर्षं त्याचीच होती.

मग म्हणाला, “मिस्टर लम, या वॉर्डात कुणालाही विचारा डोरोथी वेन कोण. ती आमची मेबल आहे.”

जाड्याने त्याची बाही ओढली. त्याने सोडवून घेतली.

मिस्टर लम म्हणाले, म्हणजे तुमची हरकत नाही? तो म्हणाला, “हरकत कसली. नाव खोडलंय, बाई नाही खोडली.”

पाचही माझ्या गठ्ठ्यावर ठेवल्या. तू हिशोबात पक्की आहेस, कर.

लोकांनी टाळ्या वाजवल्या असतील, मला आठवत नाही. त्याने माझा हात हातात घेऊन हलवला, रीतीप्रमाणे, आणि बाहेर गेला. मी मागे गेले. पायऱ्यांवर उभा होता, पाइप पेटवायला काडी ओढत होता आणि वारा विझवत होता. मला तुझं पत्र आठवलं. पायऱ्या, हृदय, बोलणं राहून गेलेलं. मी भर रस्त्यात ओरडले, खाली बस आधी. तो बसला. घाबरून असेल.

मीही बसले. नवीन कोट घालून, दगडावर.

मी म्हटलं, का केलंस. तो म्हणाला, मंगळवारी टीव्ही बघतो. एना गेल्यापासून घरात कुणाचातरी आवाज हवा म्हणून लावतो. मग म्हणाला, “तू झोपली आहेस असं मला वाटलं होतं तेव्हा.”

मी म्हटलं, पांघरुणातून बघत होते.

तो म्हणाला, त्या बाईने चुकीचं सांगितलं. मी काही शूरासारखा उभा नव्हतो. आईने दिवा हातात दिला, आणि माझा हात थरथरत होता. उजेड हलला म्हणून डावी बाही वाकडी कापली गेली. विनीला ती बाही आखूडच राहिली, आणि दर हिवाळ्यात ती मनगट खिशात घालायची ते मी बघायचो.

तर हे तुझं उत्तर. आईची कात्री चुकली नव्हती.

मी त्याच्या हातातली काडेपेटी घेतली आणि काडीभोवती ओंजळ धरली, तेव्हा कुठे पाइप पेटला. मिसेस सॉर्बी समोरच्या फुटपाथवरून बघत होती.

आता फार खूश होऊ नकोस. मार्केट पाडायलाच हवं असं त्याचं म्हणणं अजून आहेच. काल दुपारी दुकानावर येऊन कोपऱ्यातल्या खांबावर किल्ली आपटून दाखवत होता, हा बघ किती पोकळ वाजतो. मी म्हटलं, तुझं डोकं वाजवून बघू का. पण पोकळ वाजतो खरा. पहिली सभा पंचवीस तारखेला आहे. सभेचे नियम तो मला शिकवतोय. मध्ये बोलायचं नाही म्हणे, उठून अध्यक्षांकडे बघूनच बोलायचं. मी म्हटलं, डोरोथी बोलते मध्ये. म्हणाला, तिच्याकडे लेखक आहे. तो प्रेक्षकांच्या सज्जात बसणार आहे, तिथून बोलायची बंदी आहे, तर मी चुकले की खोकणार. एवढा खोकेल तो की लोक डॉक्टर बोलावतील.

आणि तुझ्यावरचा राग. तो मी टोपीबरोबर खुंटीवर ठेवला होता, काल निकालाला जायला टोपी हवी होती म्हणून दोन्ही काढलं. विचारून करायचं होतंस. पण मला तोंडावर बोलायला पन्नास वर्षं जमलं नसतं ते त्या बाईने तुमच्या खोट्या पोटमाळ्यावर बसून बोलून टाकलं, आणि तो एकटा बसून ऐकत होता. तिला सांग, फार चांगलं बोललीस. कोट रुंद खांद्यांचाच ठेव तिचा.

पेटीचं कुलूप काढ. हे पत्र मोठ्याने वाच, त्या बादलीवाल्याला समोर बसवून, आणि माझा निरोप सांग. तुझं सगळं चांगलं आहे, फक्त शेवट बदल. १४ तारीख अजून लांब आहे, आणि त्या नटाला सिनेमात जायचं तर आगगाडीने पाठव, बदलीवर पाठव, कुठेही पाठव. पायऱ्यांवर मारू नकोस. उद्या रविवार आहे, बीफ भट्टीत घालायचं आहे, यॉर्कशायर पुडिंगचं पीठ भिजवायचं आहे, आणि आमचा क्लिफर्ड जेवायला येणार आहे.

मेबल